पाण्याने उचललेली घोडी

मला देवाचा राग होता. नास्तिक असते तर बरं झालं असतं, रागाला जागाच उरली नसती. पण ज्या घरात रविवारी मल्हारी मार्तंडाची पूजा झाल्याशिवाय चूल पेटत नाही, तिथे वाढलेल्या मुलीला देव नाही असं म्हणता येत नाही. तिला फक्त त्याच्याशी भांडता येतं, आणि मी भांडत होते. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या चाळींत नळाला पाणी नाही म्हणून मी पत्रक काढलं, गिरणीतल्या बायांना बसायला सावली नाही म्हणून काढलं, आणि प्रत्येक पत्रक छापखान्यातून ओलं ओलं हातात आलं की मनात यायचं, हे सगळं तुला दिसत नाही का रे, की दिसूनही गप्प बसतोस? आमची आत्या म्हणते, पत्रकं लिहून गावाला जागं करतेस, मग गेल्या श्रावणात जे झालं ते लिहायला हात का जड होतो? जड यासाठी होतो, की पत्रकात मी जे सिद्ध करता येतं तेच लिहिते. हे सिद्ध करता येणार नाही. मी सिद्ध करणारही नाही. जसं झालं तसं सांगते.

आमचे आबा संस्थानच्या पागेत जमादार होते. संस्थानं विलीन झाली, मध्यभारत राज्य झालं, पागा मोडली. घोडे कुठे कुठे गेले. आबा कचेरीत कारकुनाच्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि पागेतली एक घोडी, जी वयामुळे कुणालाच नको होती, ती आमच्या परसात आली. चंपाषष्ठीच्या सुमाराला जन्मलेली म्हणून तिचं नाव चंपा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आबांना बोलायची सवय कमी, आणि जे काही बोलणं शिल्लक होतं ते चंपाच्या वाट्याला जायचं. सकाळी खरारा करताना कचेरीतल्या साहेबाने काय म्हटलं, भाजी कशी महागली, पोरगी ऐकत नाही, लग्नाचं नाव काढू देत नाही, हे सगळं तिला सांगत. मी ओसरीवर बसून ऐकायचे. आमच्या घरातल्या कितीतरी गोष्टी मला घोडीकडून कळल्या आहेत.

त्या पावसाळ्यात घसरड्या फरसबंदीवर चंपाचा पुढचा पाय मुडपला आणि हाडाला तडा गेला. पागेचा कायदा सर्वांना माहीत होता: पाय गेला की गोळी. आबांनी स्वतः हा कायदा किती घोड्यांना लावला असेल कोण जाणे, त्यांनी कधी सांगितलं नाही. शेजारचे काका हळूच म्हणाले, जमादारसाहेब, तिला त्रास कशाला? आबा गाडी आणायला गेले. बैलगाडीच्या फळीवर चंपाला आडवं बांधलं आणि नदीकाठच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टरसाहेब चिडखोर म्हणून प्रसिद्ध. त्यांनी पाय चाचपला, बराच वेळ, आणि म्हणाले, "हाड सरकलेलं नाही. लटकवून बघू. पण एक सांगतो जमादार, खाली बसली तर पुन्हा उठायची नाही, आणि तो पाय जोरात टेकला तरी संपलं."

लटकवणं म्हणजे काय ते मी तिथेच पाहिलं. घोड्याला आडवं पडून राहता येत नाही, त्याची आतडी आणि फुप्फुसं ते सोसत नाहीत. म्हणून पोटाखालून जाड किरमिचाची, तंबूच्या कापडाची झोळी घेतात, छातीवरून आणि मागून पट्टे आवळतात, आणि छताच्या तुळईला कप्पी लावून तिच्या दोराने झोळी इतकीच ताणतात की घोडं उभं राहील पण भार पायांवर येणार नाही. पायाला बांबूच्या कामट्या आणि पट्ट्या. असं आठवडे. चंपा तशी उभी होती, अर्धी जमिनीवर आणि अर्धी हवेत, आणि आबा कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर तिच्यापुढे बसलेले. घरी जेवायला बसले की दोन घास खाऊन उठत. एकदा म्हणाले, "ही गेली तर मी परसातलं दार विटांनी बुजवून टाकेन." एवढंच. पण मला कळलं की दाराबरोबर माणूसही बुजणार आहे.

आता त्या दवाखान्याबद्दल. तो खान नदीच्या काठाला, रस्त्यापासून खाली उतरून खोलगटात. मागची भिंत मातीची, नदीच्या बाजूला. थोडा जोराचा पाऊस झाला की अंगणात घोटाभर पाणी. संसर्गाची जनावरं आणि साधी आजारी जनावरं यांच्यामध्ये एक बांबूचं कुंपण. मला हे दिसलं आणि मी गप्प बसले असते तर मी मी नव्हते. पत्रक काढलं. मथळा दिला, "दवाखाना की कसाईखाना?" खाली लिहिलं, की नदी एक दिवस आत येणार आहे आणि त्या दिवशी बांधलेली मुकी जनावरं दाव्याला बुडून मरणार आहेत, आणि जबाबदार कोण? ते घेऊन मी थेट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"कसाईखाना तेवढं काढा," म्हणाले. "बाकी सगळं खरं आहे. माझं हेच वरती तीन साहेबांना सांगून झालंय."

"मग वरचे काय म्हणतात?"

"बाई, मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. आपलं प्रकरण बाराही महिने आगगाडीत."

मला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला. कसाईखाना मी काढलं नाही.

पूर आला तो रविवार होता. आठवडाभर झड लागली होती. आबांनी सकाळी पूजा आटोपली, चंपासाठी हरभरे भिजवले होते ते घेतले, मी पत्रकांची पिशवी खांद्याला मारली. रविवार म्हणजे गिरणीला सुट्टी, दवाखान्याच्या रस्त्यावर माणसं भेटतात, वाटायला बरं. उतारावर पोचलो तर खाली नदी ओळखू येईना. पाण्याचा रंग गेरूसारखा झाला होता आणि त्यावरून गवताची आख्खी गंजी, एक खाट, कुणाच्या घराचं दार असं सगळं चाललं होतं, निवांत, मिरवणुकीसारखं. वरच्या अंगाला पाऊस कोसळला असणार. दवाखान्याच्या अंगणात पाणी गुडघ्याला आलेलं. डॉक्टरसाहेब पँट मांडीपर्यंत दुमडून जनावरांच्या पाण्याच्या हौदावर उभे होते आणि ओरडत होते.

"आधी दावी सोडा. सगळ्यांची. कुणाचं कोण ते नंतर. बांधलेलं जनावर पहिलं मरतं."

पण माणसं ऐकतात कुठे. जो तो आपली गाय, आपला बैल शोधत धावत येत होता, फाटकात गाड्या आडव्या घुसलेल्या, आत आलेल्याला बाहेर जाता येईना. एक गृहस्थ आपल्या कुत्र्याला छातीशी धरून फाटकाच्या मधोमध उभे राहून देवाचं नाव घेत होते, आणि त्यांच्यामागे चार म्हशी अडल्या होत्या. मी त्यांना काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग रस्त्यावरून आमच्या परदेशीपुऱ्याची माणसं उतरली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. नदी बघायला आली होती, सुट्टीच्या दिवशी पूर बघायला सगळं इंदूर जातं. मुन्ना भिया म्हणून एक दांडगा माणूस, गिरणीत गठ्ठे उचलणारा, त्याने एक गाडी एकट्याने फाटकाबाहेर ओढली आणि डॉक्टरांना विचारलं, "साब, अब बोलो क्या करना है."

डॉक्टरांनी झटपट सांगितलं. चालतील ती जनावरं मोकळी सोडून उताराकडे हाकायची. लंगडी गाडीत. कुत्री आणि मांजरं औषधांच्या खोलीच्या धाब्यावर. खुरकूत झालेली गुरं, तेवढी वेगळ्या वाटेने, पलीकडच्या मोकळ्या मैदानात, वस्तीच्या गुरांत मिसळता कामा नये. आणि मला म्हणाले, "तुम्ही इकडे या. ती लाकडी पेटी उघडा, भुशात बर्फ आहे, बर्फात बाटल्या आहेत. त्या वर न्या."

माझं डोकं फिरलं. "जनावरं बुडताहेत आणि तुम्ही बाटल्या वाचवताय?"

"पूर ओसरला की गुरांत घटसर्पाची साथ येते. दर वेळी येते. आज वाचलेली गुरं पुढच्या आठवड्यात त्याने मरतील. ही लस आहे. पिशवी रिकामी करा, तुमच्या पत्रकांच्या पिशवीत मावतील."

मी पत्रकं ओतली. ती पाण्यावर पसरली, "जबाबदार कोण" असं विचारत गोल गोल फिरली आणि एका बकरीने त्यातलं एक खाल्लं. मुन्ना भिया तिला खांद्यावर घेऊन चालला होता. म्हणाला, "बाईसाब, टोपी तो मेरी पहले ही खा चुकी थी. अब पढ़ी-लिखी भी हो गई."

बाटल्या वर पोचवून मी खाली परतले तेव्हा अंगण जवळजवळ मोकळं झालं होतं, आणि पाणी मांडीला. सगळी जनावरं निघाली होती, चंपा सोडून. तिला चालवता येत नव्हतं आणि उचलून नेईल असं गाडं त्या पाण्यात येत नव्हतं. डॉक्टर वर उतारावर जनावरं लावून घेण्यात होते. जाताना ते आबांना सांगून गेले होते, की पाणी पोटापर्यंत येईल आणि उतरेल, झोळी वर घेत राहा. आबांनी त्यावर पागेची अक्कल चढवली. घोड्याच्या नाकात पाणी गेलं की घोडा संपला, म्हणून त्यांनी चंपाच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी दोर बांधून मान उंच, तुळईकडे ताणून ठेवली. आणि कंपाउंडर रामचरणजी, आबा आणि मी, तिघं कप्पीचा दोर ओढत होतो. पाणी वीतभर चढलं की आम्ही वीतभर ओढायचो.

आता विचार केला तर कळतं आम्ही काय करत होतो. आम्ही तिला पाण्याच्या वर टांगत होतो. पट्टा पोटात रुतत होता, श्वास घशात अडकत होता, मान हलत नव्हती आणि डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. ती पाय झाडू लागली, तो पायसुद्धा. तुळईतून कुरकुर आवाज यायला लागला. पण आमच्या मनात एकच, ओढा. सोडलं तर गेली. मी आयुष्यात जे जे केलं ते ओढूनच केलं होतं, ताणूनच केलं होतं, मला दुसरी रीत माहीत नव्हती. हाताची कातडी दोराला लागून सोलवटली होती. आबा एकसारखं "मल्हारी, मल्हारी" म्हणत होते आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या देत होते. तुझंच वाहन आहे ना हे, म्हटलं. घोड्यावर बसून मिरवतोस ना? मग ये.

मागची भिंत कोसळली. मोठा आवाज झाला नाही, ओली माती ढासळली तसा धप्प आवाज आला, आणि नदी आत शिरली. एका लाटेने पाणी माझ्या छातीला आलं आणि चढतच राहिलं. आणि त्या लाटेबरोबर, भिंतीच्या खिंडारातून, एक म्हैस आत आली. मोठी, काळी, डोकं वर काढून शांतपणे पोहत. तिच्या शेपटीला धरून एक माणूस होता.

तो आमच्या अगदी जवळ येऊन खांबाला टेकला. मध्यम वयाचा, डोक्याला फेटा कसाबसा गुंडाळलेला, तोंडातून पाणी थुंकत होता. त्याला धाप लागली होती. त्याने आमच्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, चंपाकडे पाहिलं आणि म्हणाला, "छोड़ दे, बेन. छोड़ दे."

मी म्हटलं, "पागल हो क्या? डूब जाएगी."

"मने कई तैरनो आवे हे?" तो म्हणाला. म्हणजे मला कुठे पोहता येतं? "झाड़ पकड़ के बैठो थो. हाथ छूट्यो, तो पानी ने उठाय लियो." आणि तो हसला. त्या जागी, त्या वेळी, तो माणूस हसला, जसं काही त्याला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं. पुन्हा म्हणाला, "पानी उठाय लेगा. छोड़ दे."

रामचरणजींनी दोर सोडला. आबांनी सोडला. सगळा भार माझ्यावर आला आणि माझी मूठ उघडेना. हट्टाने नव्हे, बोटंच उघडत नव्हती, ती माझी उरली नव्हती. आबा माझ्याजवळ आले. मी वयात आल्यापासून त्यांनी माझा हात कधी हातात घेतला नव्हता. त्यांनी माझी बोटं एकेक करून उलगडली आणि म्हणाले, "सोड पोरी. ज्याचं वाहन आहे तो बघेल."

दोर कप्पीतून सरसरत गेला. आबांनी कमरेचा चाकू काढून मानेचे दोन्ही दोर कापले. चंपा खाली गेली. पूर्ण, कानांपर्यंत. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. आणि मग ती वर आली. फुरफुरली, मान लांब केली, आणि तिचं ते भलंमोठं शरीर, जे आम्ही तिघं मिळून जेमतेम वीत-वीत उचलत होतो, ते पाण्याने अलगद उचलून धरलं. पोटावर काही नाही, पायावर काही नाही. तिचे डोळे निवले. मी त्या क्षणी तिचे डोळे पाहिले आहेत, त्याबद्दल माझ्याशी कुणी वाद घालू नये.

भिंत गेल्यामुळे नदीचा लोंढा मागून येत होता आणि फाटकातून उताराच्या बाजूला ढकलत होता. भिंत उभी असती तर पाणी नुसतं चढत राहिलं असतं. म्हैस पुढे झाली, तिच्या शेपटीला तो माणूस, मागे चंपा, तिच्या आयाळीत आबांचा हात, आणि झोळीच्या पट्ट्याला मी. मला पोहता येत नाही. ते मला उतारावर पोचल्यावर आठवलं. वाटेत फाटकाचा खांब आला, म्हैस त्याच्या उजवीकडून गेली, चंपाही उजवीकडून गेली. मी काही केलं नाही. खरंच काही केलं नाही, आणि माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रवास असेल ज्यात मी कुणाला वाट सांगितली नाही.

उताराच्या कडेला चिंचेचं मोठं झाड आहे. पाणी तिथे संथ होतं. वरून डॉक्टर धावत आले, चष्मा कुठे तरी गेला होता, आणि ओरडले, "पाय टेकू देऊ नका. पाण्यातच धरा तिला. मुन्ना, मागून धर." मुन्ना भिया आणि आणखी सात-आठ माणसं पाण्यात उतरली. चंपाला चारी बाजूंनी धरून ती माणसं उभी राहिली, भार पाण्याचा, धरणं फक्त माणसांचं. डॉक्टरांनी वर चिंचेच्या फांदीकडे पाहिलं. फांदी बरोबर डोक्यावर होती, आडवी, जाड. दवाखान्याच्या तुळईपेक्षा जाड. पण दोर वाटेत सुटून वाहून गेला होता आणि झोळीचा एक पट्टा तुटला होता.

काठावर वस्तीतल्या बाया उभ्या होत्या. त्यातल्या एकीने डोक्यावरचा पदर सारखा केला, पळत घरात गेली आणि लुगडं घेऊन आली. "ले बेन, मजबूत हे. ब्याव को हे." तिच्या लग्नातलं होतं ते. मग दुसरी गेली, तिसरी गेली. लाल, हिरवी, कुसुंबी, गाठींवर गाठी. दोन लुगड्यांचे पीळ फांदीवरून टाकले, बाकीची पोटाखालून. पाणी ओसरू लागेपर्यंत सगळं बांधून झालं होतं. नदी हळूहळू खाली गेली, आणि चंपाला तिने आणून दिलं तिथेच, फांदीखाली, लुगड्यांच्या झोळीत सोडून गेली. डॉक्टर चिखलात बसून पायाला हात लावत राहिले. मग ते म्हणाले, "सरकलेलं नाही." आणि तिथेच बसून राहिले. मुन्ना भिया म्हणाला, "साब, उठो, नहीं तो आपको भी लटकाना पड़ेगा."

तेव्हा मला तो माणूस आठवला. मी विचारत सुटले. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, "वो? वो तो भैंस के पीछे-पीछे निकल गया, बाई." म्हैस कुणाची, गाव कोणतं, कुणाला ठाऊक नव्हतं. पुढचे कित्येक दिवस मी नदीच्या वरच्या अंगाच्या गावांतून विचारून आले. आबा म्हणतात, त्याच्या कपाळावर भंडारा होता, एवढ्या पाण्यातही न धुतलेला. मी तो पाहिला नाही. मी पाहिला असं लिहिणार नाही. मला वाटतं त्याला घर असेल, वाट बघणारं माणूस असेल, आणि तो तिकडे गेला असेल. पण एवढं मी जाणते, की ज्याला पोहता येत नव्हतं असा एक माणूस, हात सुटल्यावर काय होतं हे जगात ज्याला नुकतंच कळलं होतं, तो नेमका त्या भिंतीतून, नेमका त्या वेळी आत आला. मी ये म्हटलं होतं. कुणीतरी आलं. त्याला काय नाव द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मी आता ठरवत बसत नाही.

पुढे घटसर्प आला. डॉक्टर म्हणाले होते तसाच. भुशाच्या पेटीतल्या लसी घेऊन ते आणि रामचरणजी वस्त्यावस्त्यांतून फिरले, आम्ही जनावरं धरायला गेलो. दवाखाना मात्र आजही तिथेच आहे, पडलेल्या भिंतीच्या जागी पत्रे लावून. मी नवीन पत्रक काढलं आहे आणि पुढचंही काढणार आहे. काही लोक मला विचारतात, आता तुला देवाचा अनुभव आला ना, मग हा त्रागा कशाला, त्याच्यावर सोड. त्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे. आम्ही त्या दिवशी दावी सोडली, गाड्या ओढल्या, बकऱ्या खांद्यावर वाहिल्या, बाटल्या वर नेल्या, दोराने हात सोलून घेतले. हे सगळं करून झाल्यावर जे उरलं, तेवढंच सोडायचं होतं. तेवढंच सोडायला आपल्याला जमत नाही. त्याच्यावर सोडा म्हणणाऱ्या बहुतेकांनी मुळात काही धरलेलंच नसतं. ज्याने धरलं नाही त्याने सोडलं काय?

माझ्यापुरतं म्हणाल, तर भांडण संपलेलं नाही. पण त्याची रीत बदलली आहे. पूर्वी मी त्याला विचारायचे, दिसत नाही का? आता विचारते, आणखी काय धरून ठेवलंय मी? आणि हेही सांगते, की चंपासाठी, आबांसाठी, त्या चिंचेसाठी, लग्नातलं लुगडं चिखलात देणाऱ्या त्या बाईसाठी, मी त्याची ऋणी आहे. पत्रकाच्या भाषेत लिहायचं तर जबाबदार कोण, ते मला ठाऊक आहे.

चंपा बरेच दिवस त्या फांदीखाली राहिली. वर पत्र्याचं छप्पर घातलं, नंतर खरी झोळी आली, लुगडी धुऊन जिची तिला परत गेली. चिंचा धरू लागल्या तेव्हा एका सकाळी डॉक्टर नवा चष्मा लावून आले आणि म्हणाले, "जमादार, बघायचं का?" आबांनी दोर हातात घेतला आणि परत ठेवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू."

रस्त्यावरची माणसं थांबली होती. मी गाठ सोडली आणि दोर हळूहळू हातातून जाऊ दिला. झोळी सैल झाली, पोटाखालून लोंबू लागली. चंपा चार पायांवर उभी होती. बराच वेळ ती हललीच नाही, जसं तिला अजून कळलं नव्हतं की आता तिला कुणी धरलेलं नाही. मग तिने एक पाय उचलून पुढे टाकला, तोच पाय, आणि आबांच्या खांद्यावर हनुवटी टेकून त्यांचा सदरा चावू लागली.